खेकड्याचा तिसरा पाय

माझ्या फ्रेंच गाडीच्या हत्यारांच्या पेटीत एक खेकडा आहे. त्याच्यापायी येडू फिटरची गिरणीतली नोकरी गेली. खरं सांगायचं तर खेकड्याचा काही दोष नाही, नोकरी मी घालवली. मी चनबसप्पा वकील. सोलापूरच्या कोर्टात वीस वर्षं दुसऱ्यांचे दोष काढून पोट भरतो आहे, तेव्हा एखादा स्वतःचा सांगायला हरकत नसावी.

आधी गाडीचं सांगतो. एकतीस साली पुण्याच्या एका पारशी गृहस्थाकडून ती घेतली. स्वस्त मिळाली, आणि स्वस्त का मिळाली ते पहिल्या महिन्यातच कळलं. आमच्या गावात मोटारी दुरुस्त करणारे मिस्त्री दोन-तीन, आणि सगळ्यांचे पाने इंची. कारण गिरण्यांतली यंत्रं विलायती, रस्त्यावरच्या गाड्याही बहुतेक विलायती, सगळा कारभार इंचांत. माझी गाडी फ्रान्सची, तिचा एकूण एक नट मिलिमीटरचा. एका मिस्त्रीनं आपला इंची पाना नटावर चढवला, सैल बसला म्हणून मध्ये पत्र्याचा तुकडा कोंबला आणि वरून अंगातला सगळा जोर लावला. नटाचे सहाही कोपरे गुळगुळीत झाले. वर मलाच म्हणतो, "गाडीचं लोखंडच कच्चं हाय, सायेब." त्या दिवशी मी ठरवलं, आता या गाडीला दुसऱ्या कुणाचा हात लावू द्यायचा नाही. जे करायचं ते मीच करीन.

हे ऐकून माझी बायको हेमावती पदर तोंडाला लावून हसली. भिंतीत खिळा ठोकायचा तर गड्याला हाक मारणारा माणूस मी. पण हट्टाला पेटलो की मी कुणाचं ऐकत नाही, हे तिला लग्नापासून ठाऊक आहे. मुंबईला पत्रं लिहून मिलिमीटरचे पाने मागवले. प्लग काढायची नळी घेतली, व्हॉल्व्हची फट मोजायच्या पातळ पट्ट्या घेतल्या. एकेका कामासाठी एकेक हत्यार, दुसऱ्या कशालाच उपयोग नाही. लोकांना ही चैन वाटायची. मला विचाराल तर परदेशी गाडी बाळगणाऱ्यानं एक वेळ गादीवरचं कापड फाटकं ठेवावं, पण हत्यार तिच्या मापाचंच घ्यावं. दुसरं हत्यार चालवून घ्यायला गेलं की आधी नट जातो आणि मग गाडी.

राहता राहिला खेकडा. या गाडीची मागची चाकं आसावर अशी घट्ट बसवलेली असतात की नट काढला तरी चाक जागचं हलत नाही. हातोड्यानं ठोकावं तर आस वाकतो. त्यासाठी पुलर लागतो, तोच माझा खेकडा. तीन वाकडे पाय चाकाच्या मधल्या भागाला मागून धरतात, मधला मोठा स्क्रू आसावर टेकतो, आणि तो पिळत गेलं की चाक आपोआप बाहेर येतं. पारशी गृहस्थाच्या पेटीत तो होता, पण त्याचा एक पाय मोडून हरवलेला. दोन पायांचा खेकडा काय कामाचा?

इथं येडू आला. तसा तो मला आधी कोर्टात भेटला होता. चाळीतल्या मारामारीचा खटला होता आणि येडू आमच्याच बाजूचा साक्षीदार. मी त्याला विचारलं, "आरोपीनं काठी मारली, हे तू पाहिलंस?" तो म्हणाला, "काठी उचलल्याली बगितली. मारल्याली न्हाय बगितली. तवर मी दार लावलं हुतं." मी तीन तऱ्हांनी विचारलं, त्यानं तिन्ही वेळा तेवढंच सांगितलं. खटला हरलो. बाहेर आल्यावर त्याला चांगला फैलावर घेणार होतो, पण त्याचे हात दिसले. बोटांना तेलाचे काळे डाग आणि तरी नखं स्वच्छ. काय काम करतोस म्हणून विचारलं, तर गिरणीत मागांचा फिटर. मग भांडण राहिलं बाजूला आणि मी त्याला गाडी दाखवायला घरी घेऊन आलो.

त्यानं गोल झालेला नट अंगठ्यानं चाचपला आणि म्हणाला, "ह्यो आपल्या मापाचा न्हाय, सायेब. ह्येला त्येच्या गावचाच पाना पायजे." एवढं दोन वाक्यांत सांगणारा माणूस मला सबंध सोलापुरात भेटला नव्हता. पुढच्या रविवारी तो गाडीच्याच स्प्रिंगचा एक मोडका पोलादी पाटा घेऊन होटगीच्या लोहाराकडं गेला, आणि संध्याकाळी खेकड्याचा तिसरा पाय घेऊन परत आला. रंगानं जरा काळपट, पण इतर दोघांपेक्षा भक्कम.

तेव्हापासून दर रविवार आमचा. कोर्ट बंद, गिरणी बंद. मी धोतराचा काचा मारून गाडीखाली आणि येडू बाहेर बसून एकेक हत्यार पुढं करणारा. पुढं करणारा म्हणजे जमिनीवर ठेवणारा. हातात तो कधी काही द्यायचा नाही. मी हात लांब करायचो आणि तो पाना माझ्या उजव्या हाताशी भुईवर ठेवायचा. त्याचं घराणं मेंढरं राखणाऱ्यांचं. लोकर कातरायची कातर त्यांच्यात एकानं दुसऱ्याच्या हातात द्यायची नसते. हातातून हातात लोखंड गेलं की त्या दोघांत भांडण लागतं म्हणे. म्हणून एकानं खाली ठेवायची आणि दुसऱ्यानं उचलायची, आणि दुसऱ्यापुढं ठेवली की पहिल्यानं तिला परत हात लावायचा नाही. येडूनं गिरणीतल्या पान्यांनाही तोच नेम लावला होता.

मी त्याची थट्टा करायचो. "अरे, दे की हातात. वकिलाचं घर भांडणावरच चालतं."

"तुमचं चालतंय, सायेब," तो म्हणायचा, "माजं न्हाय चालायचं."

तेहतीस सालच्या जानेवारीत एका रविवारी आम्ही दुधनीला गेलो होतो. पक्षकाराची जागा बघायची होती. परत येताना होटगीकडं फाटा फुटतो त्याच्या अलीकडं डाव्या मागच्या चाकातून जळका वास यायला लागला. ब्रेक आतून चिकटला होता. मैलाच्या दगडापाशी गाडी थांबवली, जॅक लावला, खेकड्यानं चाक काढलं, येडूनं ब्रेकची तुटलेली स्प्रिंग तारेनं बांधून, तो ब्रेक लागूच नये अशी तात्पुरती सोय केली आणि चाक परत चढवलं. पाचच्या गाडीनं माझा मेहुणा यायचा होता आणि चार तिथंच वाजले होते. मी घाई करत होतो, येडूवर ओरडतही होतो. हात पुसले, गाडीत बसलो, येडू जॅक घेऊन मागं बसला, निघालो.

पुढच्या रविवारी पेटी उघडली, तर खेकडा नाही.

येडूनं पेटीत वाकून पाहिलं. मग म्हणाला, "सायेब, तुमी उचलला न्हाय वाटतं."

त्याच पावली आम्ही त्या मैलाच्या दगडाशी गेलो. येडूनं जागा दाखवली. तिथं शेळ्यांच्या लेंड्या पडल्या होत्या, दुसरं काही नव्हतं. त्याच आठवड्यात बार रूममध्ये कुणीतरी सांगितलं होतं की स्टेशनाकडच्या एका मिस्त्रीनं नवा पुलर आणलाय, कुठून आणला ते सांगत नाही. माझ्या डोक्यात किडा शिरला, आणि माझ्या डोक्यात शिरलेला किडा सहसा बाहेर निघत नाही.

घरी आल्यावर पडवीत येडूला उभा केला आणि उलटतपासणी घेतली. दुसरा शब्द नाही त्याला.

"खेकडा मला दिलास?"

"ठिवला हुता. तुमच्या उजव्या हाताला, दगडापाशी."

"मी विचारतो, दिलास का?"

"न्हाय. हातात कसा दीन?"

"मी उचललेला पाहिलास?"

"न्हाय बगितला. मी जॅक काढीत हुतो."

"म्हणजे शेवटचा हात तुझाच लागला."

त्यानं माझ्याकडं पाहिलं. "व्हय," म्हणाला.

"मग गाडीत बसताना का नाही बघितलंस?"

"तुमच्याम्होरं ठिवला हुता की. मग त्येला माजा हात कसा लावू?"

मला तो बहाणा वाटला. मी म्हटलं, "जा तू." तो गेला.

दारात हेमावती उभी होती. रागावली की ती कानडीवर येते. ती म्हणाली, "साकु बिडरी, पुरे करा. चोर असता तर 'दिला' म्हणाला असता. ते एक अक्षर बोलला असता की सुटला असता. त्याला येत नाही ते."

आज हे लिहिताना मला माझी लाज वाटते, कारण हाच माणूस माझ्याच खटल्यात असंच खरं बोलून मला हरवून गेला होता, आणि ती गोष्ट मी बार रूममध्ये हसत हसत दहा जणांना सांगितली होती. तरी बायकोचं बोलणं मी कानाआड केलं.

आणि एवढ्यावर थांबलो असतो तरी निभावलं असतं. क्लबात पत्ते खेळताना येडूच्या गिरणीचा असिस्टंट मॅनेजर माझा जोडीदार असायचा. पानं पिसता पिसता मी बोलून गेलो, "तुमच्या येडू फिटरच्या हातांवर जरा नजर ठेवा. हत्यारं फार आवडतात त्याला." सगळे हसले, मीही हसलो. पुढच्या सोमवारपासून गिरणीच्या दारात येडूची रोज वेगळी झडती व्हायला लागली. शेकडो माणसांसमोर त्याचा भाकरीचा फडका उलगडून बघायचे. काही सापडलं नाही. पण ज्याची रोज झडती होते त्याच्याबद्दल लोक काय समजायचं ते समजतात. पंधरा दिवसांत त्याला काढून टाकलं, आणि मग दुसऱ्या गिरणीनंही दारात उभं केलं नाही.

येडू माझ्याकडं विचारायला आला नाही. त्याची बायको मायाक्का एकदा मागच्या दारानं आली, हेमावतीशी काही बोलली आणि गेली. मी विचारलं तर हेमावती म्हणाली, "तुम्हाला सांगण्यासारखं काही नाही." त्यानंतर किती तरी दिवस ती माझं ताट वाढायची आणि उठून आत जायची.

खेकड्याशिवाय मागचं चाक निघेना. मुंबईहून दुसरा मागवता आला असता. मी मागवला नाही. वर्षभर मी डाव्या ब्रेकवाचून गाडी हाकली आणि उतारावर जीव मुठीत धरून बसलो.

या डिसेंबरात मी एकटाच अक्कलकोटहून येत होतो. फाट्याजवळ रेडिएटरचं पाणी उकळलं. रस्त्यापासून थोडं आत एक खोपट दिसलं, म्हणून पाणी मागायला गेलो. बाळाबाई नावाची एक म्हातारी शेळ्या पाळून राहत होती. ती कळशी आणायला आत वळली आणि माझी नजर खुंट्याला बांधलेल्या शेळीवर गेली. खुंटा लोखंडाचा होता. तीन पाय जमिनीत रोवलेले, वरच्या स्क्रूला दावं गुंडाळलेलं. दोन पाय गंजून तांबडे झालेले आणि तिसरा काळपट.

मी तिथंच खाली बसलो. म्हातारी कळशी घेऊन बाहेर आली ती घाबरली, तिला वाटलं मला ऊन लागलं.

"हा कुठं मिळाला, बाई?"

"त्यो व्हय? रस्त्याकडंला, दगडापाशी. पर साल." तिनं पाण्याचा तांब्या माझ्याकडं सरकवला. "पडल्याला नव्हता बगा. कुणी तरी नीट ठिवल्याला हुता, पाय वर करून. दोन दीस मी हातच लावला न्हाय. म्हटलं कुणाची तरी ठेव हाय, येईल न्यायला. तिसऱ्या दिवशीबी कुणी आलं न्हाय, मग आणला. तुमचा हाय का? मग घिऊन जावा की. शेळीला काय, दुसरा खुंटा ठोकीन."

आम्ही सातव्या दिवशी गेलो होतो. एका शेळ्या राखणाऱ्या म्हातारीनं नुसतं ठेवण्यावरून ओळखलं की ही कुणाच्या तरी पुढं ठेवलेली वस्तू आहे, आणि ज्याच्यापुढं ठेवली होती तो मी, मेहुण्याच्या गाडीच्या घाईत तिच्याकडं न बघता निघून गेलो. मी बाळाबाईला दोन्ही हात जोडले. तिला त्याचं काय कारण ते कळलं नाही.

घरी खेकडा टेबलावर ठेवला. हेमावतीनं पाहिला. तिनं कुठं मिळाला हेही विचारलं नाही. म्हणाली, "येडू होटगीच्या पलीकडं असतो, मायाक्काच्या भावाच्या, भीमाच्या मेंढरांत. भीमाच्या वाड्यावर विचारलंत तर दाखवतील." म्हणजे वर्षभर तिला ठाऊक होतं. "तू चल," मी म्हटलं. "नाही," ती म्हणाली, "तुमचे तुम्ही जा."

रविवारी सकाळी गेलो. माळावर मेंढरांचा वाडा लावला होता आणि लोकर कातरणं चाललं होतं. येडू एका मेंढीला गुडघ्यांत धरून बसला होता. मला बघून त्यानं हात थांबवला नाही. ती मेंढी पुरी झाली तेव्हा कातर खाली ठेवली, मेहुणा भीमा वाकून ती उचलून दुसरीकडं गेला, आणि मग येडू उठून माझ्याजवळ आला. वर्षात तो वाळला होता. बोटांवरचे तेलाचे डाग गेले होते.

मी वाटेत मनाशी चांगलं भाषण जुळवलं होतं. त्यातलं एक अक्षर आठवेना. मी खेकडा पुढं केला.

"खाली ठिवा," तो म्हणाला.

मी ठेवला. त्यानं उचलला, उलटा केला, काळ्या पायावरून अंगठा फिरवला.

"शेळीच्या खुंट्याला होता," मी म्हटलं. "दगडापाशीच सापडला, जिथं तू ठेवला होतास. चूक माझी. आणि गिरणीत ते मीच बोललो होतो, येडू. क्लबात, पत्ते खेळताना."

"ठावं हाय मला. झडती घेणाऱ्यानं पैल्याच दिवशी सांगितलं, वकीलसायबाचं बोलणं हाय म्हनून."

"मग आला का नाहीस माझ्याकडं?"

"काय सांगायला? जे हुतं त्ये सांगितलं हुतं की."

मी म्हटलं, मी मॅनेजरला भेटतो, लिहून देतो, चार माणसांसमोर सांगतो. ते मी नंतर केलंही. त्यानं मान हलवली. "तुमचं तुमी सांगा. मी काय आता त्या दारातनं आत जायचा न्हाय. मायाक्काच्या बापानं मरताना इच्यारलं, येडू, खरं सांग, चोरलंस का रं. गिरणीचं काय न्हाय, सायेब. ह्ये इच्यारलं ते लई लागलं."

त्यानं गाडीकडं पाहिलं. "डाव्या चाकाची ती तार अजून तशीच हाय?"

"तशीच."

"वरीसभर?" त्याला पहिल्यांदाच राग आला. "मरायचं हाय का? काढा जॅक."

माळाच्या कडेला, बाभळीखाली, आम्ही चाक काढलं. मी पाने भुईवर ठेवत होतो, तो उचलत होतो. खेकड्याचे तिन्ही पाय त्यानं चाकामागं अडकवले आणि स्क्रू पिळत गेला. नुसत्या हातानं स्क्रूच्या डोक्यावर एक टिचकी मारल्यासारखं केलं आणि चाक टक् करून सुटलं. जुनी तार त्यानं फेकून दिली. मी वर्षापूर्वीच मागवून ठेवलेली स्प्रिंग पेटीत होती, ती बसवली. काम करताना तो पूर्वीसारखाच गप्प होता, आणि मला वाटायला लागलं की पुढच्या रविवारी तो येईल. मी मनात वेळही ठरवून टाकली.

चाक चढलं. त्यानं धोतराच्या सोग्यानं खेकड्याचा गंज पुसला, स्क्रूला थोडं ग्रीस लावलं. मी पेटी उघडून उभा होतो. सवयीनं मी जमिनीकडं पाहिलं, तो कुठं ठेवतो ते बघायला.

त्यानं खेकडा माझ्या हातात दिला.

माझी बोटं मिटली तरी मला कळायला थोडा वेळ लागला. "येडू, हातात?" मी म्हटलं.

"व्हय," तो म्हणाला. त्याच्या आवाजात राग नव्हता. "भांडान लागू नये म्हनून ठिवत हुतो, सायेब. आता काय लागायचं ऱ्हायलंय?"

भीमानं त्याला हाक मारली. दुसरी मेंढी धरून झाली होती. येडू तिकडं गेला, कातर खाली ठेवलेली होती, ती उचलली आणि कामाला बसला. गाडी सुरू करायची तर मला दोन्ही हात मोकळे हवे होते. पेटी उघडी होती, आणि तो खेकडा हातात घेऊन मी किती तरी वेळ तसाच उभा राहिलो.